कॅनडात सुटलेला, एकोडीत सापडलेला

कोर्टाचा बेलीफ पुढच्या दारात आला की घरचा कर्ता पुरुष मागच्या खोलीत दडतो. पुढं बायको उभी राहते आणि म्हणते, "ते घरी नाहीत जी, गावाले गेले." आणि नेमकी तेवढ्यातच आतून शिंक येते. मी माझी अख्खी नोकरी त्या शिंकेच्या भरवशावर केली.

बेलीफ म्हणजे काय हे माझ्या सासऱ्यांना लग्नाआधी सांगावं लागलं होतं, म्हणून तुम्हालाही सांगतो. कोर्टात वकील बोलतात, जजसाहेब लिहितात, आणि ते लिहिलेलं गावोगाव नेऊन ज्याचं त्याच्या हातात ठेवतो तो बेलीफ. ह्या ठेवण्याला आम्ही 'बजावणी' म्हणतो. कागद हातात पडल्याशिवाय केस हलत नाही. ज्याच्यावर केस आहे त्याला आधी कळायला पाहिजे, त्याचं म्हणणं विचारायला पाहिजे, एवढं साधं कारण आहे. विचारल्याशिवाय निकाल द्यायचा असता तर एवढी मोठी कोर्टाची इमारत कायले बांधली असती?

माणसं मात्र कागद टाळण्यासाठी डोकं चालवतात. करडीचा एक जण मला पाहून धानाच्या कोठीत उतरून बसला. मी शेजारच्या दोघांना साक्षीला घेतलं आणि वरून समन्स आत सोडलं. मग कोठीतून आवाज आला, "तारीख कोणती हाय?"

घटस्फोटाचे कागदही मी पुष्कळ नेले. त्यात आमचा भंडारा जिल्हाच फुटला. गोंदिया वेगळं झालं तेव्हा फायली वाटल्या, कपाटं वाटली, एक टायपिस्टबाई कोणाकडं राहणार यावरून दोन्हीकडचे लोक रुसून बसले. एवढा मोठा काडीमोड डोळ्यांनी पाहिल्यावर नवराबायकोच्या भांडणाचं मला काय नवल वाटणार? पण एकच घटस्फोट एका देशात झालेला आणि दुसऱ्यात न झालेला असू शकतो, हे मला आंधळगावच्या मेश्राम गुरुजींच्या घरी जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या केसमध्ये पहिला घोटाळा मीच केला होता, हेही आधीच कबूल करून टाकतो.

झालं असं, एके दिवशी आमच्या नाझरसाहेबांनी माझ्यापुढं एक जाडजूड पाकीट ठेवलं. नाझर म्हणजे आम्हा बेलिफांचे मुख्य. पाकीट कॅनडातल्या कोर्टाचं होतं. दिल्ली, मुंबई करत करत भंडाऱ्याला पोचलं होतं. लाल शिक्का, कोपऱ्यात सोनेरी चकती, कागद असा की हात लावायच्या आधी हात धुवावेसे वाटावेत.

"हटवार, इंटरनॅशनल बजावणी आहे," नाझरसाहेब म्हणाले. "इस्त्रीचा शर्ट घालून जा."

मी गेलो. मेश्राम गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मराठी आणि चित्रकला शिकवणारे, भल्या स्वभावाचे गृहस्थ. त्यांची मुलगी वंदना मोहाडीला दवाखान्यात नर्स होती, त्या वेळी ड्युटीवर होती. तिचं लग्न एकोडीच्या पंकज रामटेके या इंजिनिअरशी झालं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत पंकज कॅनडाला गेला, "व्हिसा झाला की बोलावतो" म्हणून. चार वर्षं झाली होती. फोन पहिल्या वर्षी रोज यायचा, मग सणावारी, मग नाहीच.

घरातल्या मोठ्या माणसानं सही करून कागद घेतला तर चालतो, म्हणून मी गुरुजींची सही घेतली. त्यांनी पाकीट उघडलं, चष्मा लावला. कायद्याचं इंग्रजी त्यांना कळेना आणि मला तर बिलकुलच नाही. पण वर कॅनडा लिहिलेलं होतं, खाली मुलीचं नाव होतं, जावयाचं नाव होतं, आणि अमुक दिवसांच्या आत हजर राहावे असं काहीतरी होतं.

गुरुजींनी कागद माझ्यापुढं धरला. "हटवारभाऊ, हे... हजर राहा असंच लिहिलं आहे ना?"

मी त्या ओळीवर बोट फिरवलं. समन्सात दुसरं काय लिहिलेलं असतं? "हो गुरुजी, हजर राहा असंच आहे."

"कॅनडात?"

"कॅनडाचंच कोर्ट आहे तर कॅनडातच ना जी."

"म्हणजे बोलावलं!" गुरुजी ओरडले. "अवो, ऐकलं काय! वंदीचा व्हिसा आला! डायरेक्ट सरकारनं बोलावलं!"

आता मी काय बोलणार? मी काही चित्रकलेचा मास्तर नाही, पण मलाही तेव्हा वाटलं की एवढा भारी कागद वाईट बातमी कशाला आणेल. अर्ध्या तासात पेढे आले. मलाही दोन दिले. मी दोन्ही खाल्ले, हे लिहिताना आजही मान खाली जाते. पूर्ण आळीत पेढे वाटले गेले. एका म्हातारीनं विचारलं, "कॅनडात धान पिकते काय?" आणि गुरुजींनी छातीठोक सांगितलं, "पिकत असनच!"

गुरुजींचा एक नियम होता. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर. मुलांना पन्नास वेळा पत्रलेखन शिकवलेला माणूस. त्यांनी माझ्यासमोर वळणदार अक्षरात पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकायला निघाले. मोहाडीहून वंदना परतली तेव्हा पत्र डाकेच्या थैलीत होतं आणि बायका तिला अडवून विचारत होत्या, "कधी निघाली व?"

तिनं घरी जाऊन कागद वाचला. तिला इंग्रजी येत होतं. ती कागद होता तसा घडी करून बसली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, हा व्हिसा नाही. हा घटस्फोटाचा दावा होय." हे मला पुढं गुरुजींनी सांगितलं. त्या दिवशी तर मी भंडाऱ्याला परत येऊन अहवाल लिहिला होता: 'समन्स आनंदाने स्वीकारले.' नाझरसाहेब म्हणाले, "वा!"

तिकडं जाऊन म्हणणं मांडायला वंदनाजवळ ना व्हिसा होता ना पैसे; काही महिन्यांनी कॅनडाच्या कोर्टानं निकाल दिला. पंकज मोकळा झाला.

त्यानंतर वंदना भंडाऱ्याला कोर्टात आली, एका वकीलबाईंना घेऊन. मी व्हरांड्यात बसलो होतो. ती सरळ माझ्याकडं आली.

"तुम्ही हटवारकाका ना? तो कागद तुम्हीच आणला होता."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "बाई, चूक झाली. मले काही समजलं नाही. पेढेही खाल्ले."

"तुम्ही नसता आणला तर दुसऱ्यानं आणला असता," ती म्हणाली. "त्याचं काही नाही काका. पण त्या कागदात माझं नाव सात ठिकाणी आहे आणि मले काय वाटते हे एकाही ठिकाणी नाही. त्याले घटस्फोट पाहिजे होता, त्यानं घेतला. मलेही पाहिजे. पण मले तो मी मागून पाहिजे. त्यानं फेकलेला नाही."

मग वकीलबाईंनी मला कायदा समजावला, तो जसा कळला तसा सांगतो. वंदना आणि पंकज दोघंही बौद्ध, लग्न बौद्ध पद्धतीनं झालेलं. पण लग्न आणि घटस्फोटाचा जो हिंदूंचा कायदा, तोच त्यांनाही लागतो. कॅनडात नवराबायको वर्षभर वेगळे राहिले की तेवढ्यावर एकाच्या अर्जानं घटस्फोट मिळतो. आपल्याकडं नुसतं तेवढं चालत नाही. आणि बाहेरच्या कोर्टानं आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावरून, दुसऱ्या माणसाचं म्हणणं न ऐकता निकाल दिला, तर आपलं कोर्ट तो मानायला बांधील नाही. म्हणजे पंकज कॅनडात सुटलेला आणि इथं बांधलेला. विमान आपल्या हद्दीत शिरलं की गडी पुन्हा नवरा.

वंदनाला दुसरं लग्न करायचं होतं. करडीचे एक शिक्षक होते, घरच्यांना पसंत, तिलाही पसंत. पण कॅनडाच्या कागदावर विसंबून लग्न केलं असतं तर उद्या ते लग्नच खोटं ठरलं असतं. म्हणून तिनं भंडाऱ्यात स्वतः अर्ज केला: नवरा दोन वर्षांहून जास्त मला टाकून गेला आहे, मला घटस्फोट द्या.

आता पंकजवर समन्स बजावायचं होतं. दिल्लीमार्गे कॅनडाला पाठवलं. सात महिन्यांनी परत आलं, पत्ता बदलला म्हणून. नवा पत्ता शोधून पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. घर सोडून गेला म्हणे. वकीलबाई म्हणाल्या, पेपरात जाहिरात देऊ. जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमची तक्रारच ही आहे की तिकडच्या कोर्टानं तुमच्या पक्षकाराला विचारलं नाही. आता मी भंडाऱ्याच्या पेपरात छापलं, तर कॅनडातला माणूस तो वाचतो असं समजू? शक्य तेवढं करून हातात द्या."

करडीच्या शिक्षकांच्या घरचे कुरकुर करायला लागले होते. किती थांबायचं? वंदना तारखेला यायची, बाकावर बसायची, 'समन्स परत' ऐकून ड्युटीवर जायची. मला तिच्याकडं पाहवेना.

एक दिवस मी नाझरसाहेबांना म्हटलं, "साहेब, तो एकोडीचा आहे ना? दिवाळी झाली. एकोडीच्या मंडईची तारीख निघाली."

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, जिलेबी, पाहुणे. दिवसा दंडार, म्हणजे गाणं-नाच-सोंगं, आणि रात्री नाटक. लग्नाच्या पोरी पाहायचे कार्यक्रमही तेव्हाच उरकतात. आमचा माणूस बापाच्या वर्षश्राद्धाला रजा मिळाली नाही म्हणून सांगेल, पण स्वतःच्या गावची मंडई चुकवणार नाही. कॅनडा का असेना.

"हटवार," नाझरसाहेब म्हणाले, "सरळ सांग ना, मंडई पाहाची आहे तुले."

"तेही आहे साहेब."

मंडईच्या दिवशी समन्स पिशवीत घालून मी एकोडीला उतरलो. पंकज आला होता, हे पहिल्याच पानठेल्यावर कळलं. पण कुठं आहे म्हटलं की सगळे गप्प. गावात बेलिफाचा वास लवकर लागतो. त्याच्या घरी गेलो. आई दारात उभी राहिली. "कोण पंकज? तो तर कॅनडात राहाते." मी शिंकेची वाट पाहिली. शिंक आली नाही. म्हणजे खरंच घरी नव्हता.

अडचण अशी की मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्याजवळ वंदनानं दिलेला लग्नातला फोटो होता, त्यात फेटा होता आणि फुलांच्या हारात हनुवटी बुडालेली होती. नाक तेवढं दिसत होतं. मी मंडईभर नाकं पाहत फिरलो. दोन माणसांनी विचारलंही, "काय पाहून राहिले जी?"

शेवटी पाय दुखले म्हणून दंडार चालली होती तिथं पोरासोरांत जाऊन बसलो. ऊन छान पडलं होतं. ढोलकी, टाळ, आणि मध्ये लुगडं नेसून एक नाच्या अशी काही कंबर हलवत होता की बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेतात. तोंडाला पावडर, गजरा, हाताला ओला आळता. मी सगळं विसरून पाहत बसलो. नोकरी काय, रोजची आहे.

तेवढ्यात कोणीतरी बक्षीस दिलं. आमच्याकडं रीत आहे, सोंग आवडलं की नोट द्यायची. मग माईकवाला देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव पुकारतो आणि सोंगाड्या जातीनं पुढं येऊन, हात जोडून, नोट हातात घेतो. माईकवाला ओरडला, "सरपंचसाहेबांकडून वीस रुपयांचं बक्षीस! आपल्या गावचा हिरा, खास मंडईसाठी कॅनडाहून आलेले, पंकजभाऊ रामटेके यांना!"

माझी जिलेबी हातातच राहिली. मी नाकाकडं पाहिलं. तेच!

आता काय करावं? मध्ये घुसून पकडापकडी करणं आमच्यात बसत नाही, आणि गावानंही मला जित्ता सोडलं नसतं. मी समन्सावर दहाची नोट ठेवली आणि माईकवाल्याकडं गेलो.

"बक्षीस द्याचं आहे. नाव पूर्ण पुकार, बापाच्या नावासकट."

"तुमचं नाव?"

"भंडाऱ्याचे हटवार."

तो खूश झाला. "भंडाऱ्याच्या हटवारसाहेबांकडून दहा रुपयांचं बक्षीस! पंकज तुळशीराम रामटेके, मुक्काम एकोडी, यांना!" ओळख पटली, पत्ता पटला, आणि साक्षीला अख्खं गाव होतं. असली पक्की बजावणी माझ्या बापजन्मात झाली नव्हती.

पंकज लचकत आला, हात जोडले, नोट घेतली. नोटेखाली अशोकस्तंभाचा शिक्का दिसला तसा गजऱ्यासकट थांबला.

"हे काय होय काकाजी?"

"समन्स. भंडारा कोर्ट. वंदनानं घटस्फोट मागितला आहे. तारखेला ये."

"पण माझा डायव्होर्स तर झाला ना जी! कॅनडात!"

"कॅनडात झाला, बापा. एकोडीत तू लग्नाचाच आहेस."

ढोलकीवाल्याला वाटलं हे सोंगातलंच आहे. त्यानं टाकली थाप! लोक टाळ्या वाजवायला लागले. सोंगाला सोंग भिडलं म्हणून सरपंचानं मलाही पाच रुपये पाठवले. सरकारी नोकराला असं घेता येत नाही, म्हणून मी मान हलवून परत केले, त्यावर आणखी टाळ्या.

मग आम्ही मंडपामागं पोत्यावर बसलो. पंकजचं तोंड पावडरखालीही पांढरं पडलेलं दिसत होतं. त्याच्या आईनं त्याच संध्याकाळी एक पोरगी पाहायचं ठरवलं होतं.

"म्हणजे मी ते लग्न केलं असतं तर?"

"तर मले तुह्या घरी दोन बायका केल्याच्या केसचा कागद घेऊन यावं लागलं असतं."

त्यानं गजरा काढून हातात घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी वंदनाशी बोलाले पाहिजे होतं जी. हिंमतच नाही झाली. तिकडं वकील म्हणाला, फॉर्म भर, काम होते."

मला त्याचा राग आला होता, तो थोडा उतरला. पूर्ण नाही. लुगड्यातल्या माणसावर पूर्ण रागावताही येत नाही. सही करताना ओल्या आळत्याचा अंगठा कागदावर लालभडक उमटला. माझा अहवाल असा होता: 'सामनेवाला हा स्त्रीवेशात नाचत असता मिळून आला. त्याने हात जोडून समन्स स्वीकारले. ढोलकी वाजली.' शेवटचं वाक्य नाझरसाहेबांनी खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.

तारखेला पंकज आला, पँट-शर्ट घालून. जजसाहेबांनी माझा अहवाल वाचला, लाल अंगठा पाहिला, इंजिनिअर माणसाकडं पाहिलं आणि फार वेळ खोकत राहिले.

पंकजच्या वकिलांनी कॅनडाच्या निकालाबरोबर तिकडच्या फायलीतलं एक पत्र काढलं. "साहेब, पत्नीकडून तिकडच्या कोर्टाला उत्तर गेलेलं आहे! म्हणजे तिनं ते कोर्ट मानलं. आता तक्रार कशी चालेल?"

वंदनाचं तोंड उतरलं. हे पत्र खरंच तिचं उत्तर ठरलं असतं तर कॅनडाचा निकाल इथं तिच्यावर चालवायला त्यांना वाट मिळाली असती. "वाचा," साहेब म्हणाले. वकिलांनी बहुतेक ते आधी वाचलं नसावं.

"माननीय न्यायाधीश महोदय, सप्रेम जय भीम," वकील वाचू लागले. "आपले कृपापत्र पोचले. आनंद जाहला. चि. वंदनास अवश्य पाठवतो, फक्त धानाची कापणी उरकू द्यावी. तिकडे थंडी फार असे ऐकतो, तरी स्वेटर किती आणावेत ते कळवावे. जावईबापू वेळेवर जेवतात ना, याकडे आपण जातीने लक्ष द्यावे. आपल्या घरी सर्वांस नमस्कार. लहानांस आशीर्वाद."

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावर बसलेले गुरुजी हसत नव्हते. पंकजही हसत नव्हता. 'वेळेवर जेवतात ना' ऐकून त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

साहेबांनी लिहवून घेतलं: पत्र वडिलांचं आहे, पत्नीचं नाही, आणि त्यात घटस्फोटाला उत्तर कुठंच नाही. कॅनडाचा निकाल हे कोर्ट मानत नाही. मग पंकजचे वकील म्हणाले, आता दोघांनी संमतीचा अर्ज करावा, सगळं सोपं होईल. साहेबांनी पंकजला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तो उभा राहिला. "माझं काही म्हणणं नाही साहेब. तिचा अर्ज खरा आहे. मी टाकून गेलो होतो."

पुढच्या तारखेला वंदनाची साक्ष झाली. ती पिंजऱ्यात उभी होती, दवाखान्यातून थेट आलेली, पांढरी साडी. वकीलबाईंचे सगळे प्रश्न झाले. शेवटी साहेब स्वतःच तिच्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्हाला ह्या माणसापासून घटस्फोट हवा आहे का?"

तिनं आधी पंकजकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. वकीलबाईंनी 'हो म्हणा' अशी खूण केली. म्हटलं, आता ही ऐन वेळी काय करते?

"साहेब," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत हे मले कोणीच विचारलं नाही. त्यानं नाही, कॅनडानं नाही, घरच्यांनीही नाही. एकदा परत विचारता काय?"

साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि परत विचारलं. पहिल्यापेक्षा सावकाश.

"हो!" ती म्हणाली. एवढ्या जोरात, की बाहेर उभ्या शिपायाला वाटलं साहेबांनीच हाक दिली, आणि त्यानं पुढची केस पुकारून टाकली.